पंचवीस वर्षांचं गुडघ्याएवढं झाड (स्कॉटलंडची हरणं, बंदुका आणि परत येणारं रान)

सई_उत्तरेकडची
१९ नोव्हेंबर, रात्री १०:१२

मागे झाडांच्या धाग्यावर मी एक वाक्य टाकून पळ काढला होता, की आमच्याकडे रान वाढावं म्हणून हरणं मारतात. त्यावर तिघाचौघांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले. एकीने तर "बरी आहेस ना?" असंच विचारलं. म्हणून हा वेगळा धागा. लांबलाय, चहा घेऊन बसा.

आम्ही सात वर्षं इन्व्हर्नेसला आहोत. दक्षिणेला तासाभरावर केर्नगॉर्म्सचे डोंगर. सुरुवातीला भारतातून कोणी आलं की मी त्यांना तिकडे न्यायचे आणि मोठ्या कौतुकाने दाखवायचे, बघा किती मोकळं! मैलोन्मैल हेदरचे (हे जांभळ्या फुलांचं बुटकं झुडूप) जांभळे उतार, झाड नाही, घर नाही, मधेच एखादा रेड डिअरचा कळप मान वर करून उभा. (रेड डिअर म्हणजे आपल्या सांबराचा थंडीतला चुलतभाऊ समजा.) फोटो झकास येतात. पण डोंगराला पडलेल्या टकलाचे आपण फोटो काढतोय हे कळायला मला चार वर्षं लागली.

कळलं ते असं. एप्रिलमध्ये इथल्या एका खोऱ्यात मी रोपं मोजायला जाते. काम कंटाळवाणं आहे. चार काठ्या, दोरी, त्यांचा चौकोन, आणि मग गुडघ्यांवर बसून हेदर हाताने बाजूला सारत आतली रोपं शोधायची. पहिल्याच दिवशी मला एक पाईन सापडली, जेमतेम गुडघ्याला लागणारी. सोबतच्या माणसाने विचारलं, वय किती असेल? मी म्हटलं चार, फार तर पाच. त्याने माझं बोट धरून बुंध्यावर टेकवलं. अंगठ्याहून जाड आणि म्हाताऱ्या माणसाच्या कोपरासारखी खरखरीत साल. म्हणाला, पंचवीसच्या आसपास. दर हिवाळ्यात शेंडा हेदरच्या वर डोकावला की हरीण खुडतं. झाड बगलेतून फुटतं, पुन्हा वर येतं, पुन्हा खुडलं जातं. बोन्साय करायला लोक माळी ठेवतात, इथे ते काम फुकटात होतं.

मग त्याने शेंडा कसा वाचायचा ते शिकवलं. हरणाला गाईसारखेच वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते डहाळी धरतं आणि हिसडा मारून तोडतं, त्यामुळे टोक फाटलेलं, दोरे निघालेलं दिसतं. ससा मात्र कात्रीने कापल्यासारखं तिरकं, स्वच्छ तोडतो. आमच्या चौकोनात त्या दिवशी एकवीस रोपं निघाली, त्यातल्या सतरांची टोकं फाटकी. रोपं मोजणाऱ्यांच्या वहीत हरणांच्या संख्येचा रकाना दुय्यम असतो. मुख्य रकाना हाच, किती शेंडे शाबूत आहेत.

आता हे झालं कसं? लांडगे इथून सतराव्या-अठराव्या शतकात संपले. शेवटचा लांडगा १६८० ला मारला अशी एक कथा, १७४३ अशी दुसरी, प्रत्येक खोऱ्याला आपला शेवटचा लांडगा हवा असतो. मग मेंढरांसाठी डोंगरातली माणसं हाकलली. त्यानंतर राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाने १८५२ मध्ये बाल्मोरल घेतलं आणि हरणाची शिकार हा श्रीमंतांचा छंद झाला. डोंगरच्या डोंगर शिकारीसाठी राखून ठेवले गेले. त्यांना म्हणायचे डिअर फॉरेस्ट, आणि त्यात झाड औषधाला नाही! अशी इस्टेट, म्हणजे एका मालकाची डोंगराएवढी जमीन, विकायला निघाली की वर्षाला किती नर मारायला मिळतात यावर किंमत ठरायची. मग हरणं कमी कोण करणार? उलट हिवाळ्यात चारा घालून जगवायचे.

आज स्कॉटलंडमध्ये चारही जातींची मिळून दहा लाखांपर्यंत हरणं असावीत असा अंदाज आहे. १९९० च्या सुमारास पाच लाख धरत. जुन्या कॅलेडोनियन (म्हणजे इथल्या मूळच्या) पाईनच्या रानाचे मोजून ८४ तुकडे सरकारी यादीत आहेत. त्यातले कित्येक तर म्हाताऱ्यांचे आश्रम आहेत, दोन-दोनशे वर्षांची झाडं, आणि खाली एक पोर नाही.

यावरचा उपाय म्हणजे बंदूक, तीही मुख्यतः माद्यांवर. नर मारून संख्या हलत नाही, एक नर वीस माद्यांना पुरतो. क्रेग मेगी नावाचा डोंगर १९८५ मध्ये सरकारी निसर्गसंस्थेने घेतला, कुंपण न घालता हरणं कमी केली, आणि आज तिथे बर्चचं रान उतारावर चढत निघालंय. ग्लेन फेशी खोऱ्यात चौरस किलोमीटरला चाळीस-पन्नास हरणं होती, ती एक-दोनवर आणली. मागच्या वर्षी आम्ही तिथे गेलो. नदीकाठी माझ्या मुलीच्या उंचीच्या पाईन इतक्या दाट की पायवाट सोडून शिरताच येईना. मुलगी आठ वर्षांची आहे. बहुतेक झाडं तिच्यापेक्षा थोडीच मोठी असतील.

प्रश्न विचारा. मी तज्ज्ञ नाही, नोकरी वेगळीच आहे, पण इथल्या लोकांत सात वर्षं काढलीत.

---

मृगनयना
१९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

सई, तू छान लिहितेस म्हणून आणखीच त्रास झाला. झाडं वाचवायला जनावरं मारायची? तीही माद्या? लांडगे माणसाने संपवले, मेंढरं माणसाने आणली, शिकारीचा शौक माणसाचा, आणि शिक्षा हरणांना. निसर्गाला सोडून द्या ना त्याच्या नशिबावर, तो आपोआप तोल साधतो.

---

पेठेतला_पेशवा
१९ नोव्हेंबर, रात्री ११:३१

उत्तर सोपं आहे. लांडगे सोडा. अमेरिकेत यलोस्टोनमध्ये सोडले, नद्यांनी प्रवाह बदलले. व्हिडिओ आहे, सगळ्यांनी पाहिलाय. एवढा दारूगोळा कशाला?

---

रोहीग्रस्त
२० नोव्हेंबर, सकाळी ६:१५

रात्रभर जागलीवर होतो, आता घरी येऊन वाचतो आहे. ताई, तुमच्या झाडाचे शेंडे, आमच्या तुरीचे शेंडे. वर्धा जिल्हा. रोह्यांचा (म्हणजे नीलगाईंचा) कळप येते, पंधरा-वीस, आणि सकाळी पाहाल तर तूर वरून छाटल्यासारखी. मृगनयनाताई, एक रात्र या आमच्या माळ्यावर. गोधडी मी देतो.

---

सई_उत्तरेकडची
२० नोव्हेंबर, दुपारी ४:४०

@मृगनयना, तुझा राग मला परका नाही, मीही त्याच रस्त्याने आलेय. पण "आपोआप तोल" हा इथे करून पाहिलेला प्रयोग आहे. पश्चिमेला रम नावाचं बेट आहे. त्याच्या उत्तर भागात १९७२ पासून हरणं मारणं थांबवलं आणि प्रत्येक हरणाची जन्मापासून नोंद ठेवली. माद्या वाढत गेल्या, आणि मग थांबल्या. तोल साधला की! कसा? हिवाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमध्ये, पाडसं आणि म्हातारी जनावरं भुकेने मरून. नर जास्त मेले. गवत कायम कातरलेलं. तोल असा की हरणं उपाशी आणि झाड एकही नाही.

आमच्या डोंगरातही हे दिसतं. एप्रिलमध्ये रोपं मोजताना ओढ्याच्या काठी मेलेली हरणं सापडतात. निवारा शोधत खाली आलेली, पोट खपाटीला, अंगावरची लव हाताने उपटून निघेल अशी. पहिलं पाहिलं तेव्हा मी चौकोन सोडून बाजूला जाऊन बसले होते. हे रानातलं जनावर आहे, उघड्या टकलावर वारा खाण्यासाठी झालेलं नाही. जिथे हरणं कमी करून झाडी आली, तिथली हरणं वजनाला भरतात.

@पेठेतला_पेशवा, व्हिडिओ मीही पाहिलाय. लांडगे १९९५-९६ मध्ये सोडले आणि तिथल्या उत्तरेकडच्या कळपातले एल्क (तिथली मोठी हरणं) एकोणीस हजारांवरून पाच हजारांच्या खाली आले हे खरं. पण अस्वलं, प्यूमा, उद्यानाबाहेरचे शिकारी, दुष्काळ, सगळ्यांचाच त्यात हात होता, आणि नदीकाठची झाडी काही ठिकाणी आली, काही ठिकाणी अजून येत नाहीये. शास्त्रज्ञांची त्यावर अजून भांडणं चालतात.

इथे लांडगा म्हटलं की मेंढपाळ काठी घेऊन उभे राहतात. २०२५ च्या जानेवारीत कोणीतरी गुपचूप चार लिंक्स (मोठी रानमांजरं) केर्नगॉर्म्सच्या रानात सोडले, परवानगी नाही, काही नाही. माणसांची सवय असलेली बिचारी जनावरं. काही दिवसांत पकडली, त्यातलं एक मेलं. आमच्या शाळेच्या गेटवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आणि लिंक्सचं मुख्य भक्ष्य छोटं रो डिअर. डोंगरावरचे रेड डिअरचे कळप काही तो आवरणार नाही.

---

अण्णा_नगरकर
२० नोव्हेंबर, सायं. ७:२०

सईताई, हे वाचून मला आमचं चराईबंदी आठवलं. हिवरे बाजारला पोपटराव पवार १९८९ च्या सुमारास सरपंच झाले, त्यानंतर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली. डोंगर बोडका होता. लोक म्हणायचे झाडं लावा. लावून काय उपयोग, शेळी शेंडा ठेवत नाही! चराई थांबली तेव्हा न लावलेली झाडंसुद्धा उगवली. गवत कापून न्यायला परवानगी, जनावर सोडायला नाही. म्हणजे तत्त्व तेच. फरक एवढाच की आम्ही शेळी विकली, तुम्ही हरीण मारता.

---

रोहीग्रस्त
२० नोव्हेंबर, रात्री ७:४८

अण्णा, शेळीले मालक असते. रोह्याले कोण मालक? वनखात्याले विचारा तर म्हणे अर्ज करा.

---

सई_उत्तरेकडची
२० नोव्हेंबर, रात्री ९:०२

अण्णा, अगदी नेमकं! मी हेच शब्द शोधत होते. "डिअर मॅनेजमेंट" म्हणजे काय हे आईला फोनवर समजावताना अर्धा तास गेला. चराईबंदी म्हटलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं, ती संगमनेरची आहे.

रोहीग्रस्तदादांचा मुद्दा इथेही आहे. स्कॉटलंडच्या कायद्यात जिवंत रानटी हरीण कोणाच्याच मालकीचं नसतं. मारायचा हक्क तेवढा ज्याच्या जमिनीवर ते असेल त्या मालकाचा. त्यामुळे हरीण माझ्या इस्टेटीवर चरलं तर नुकसान माझं, आणि मी नको म्हणून हाकललं तर शेजाऱ्याची शिकार वाढते. शेजाऱ्याला नेमकी ती हवी असते, त्याच्याकडे पैसे देऊन येणारे पाहुणे असतात. एकाने चराईबंदी केली आणि बांधापलीकडच्याने शेळ्या पाळल्या, असा प्रकार. म्हणून खोऱ्याखोऱ्यात इस्टेटींचे गट असतात, बैठका होतात. अशा एका बैठकीला मी मागे बसून होते. दोन शेजारी इस्टेटींचे लोक दीड तास एकमेकांचं नाव न घेता एकमेकांबद्दल बोलत होते. सोसायटीची वार्षिक सभा आठवली.

---

कुंपणवाले_काका
२१ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

मारण्यापेक्षा कुंपण घाला की. आमच्याकडे झटका मशीन (विजेचा झटका देणारी तार) लावतात.

---

सई_उत्तरेकडची
२१ नोव्हेंबर, सकाळी ११:२५

काका, घालतात. दोन मीटर उंच जाळी, डोंगरात किलोमीटरमागे किलोमीटर, खर्च अफाट. पण इथे कॅपरकेली नावाचा पक्षी आहे, टर्कीएवढा काळा रानकोंबडा म्हणा. तो खाली उडत येतो आणि जाळीवर आपटून मरतो. २०२१-२२ च्या हिवाळ्यात मोजले तेव्हा देशात अंदाजे ५३२ उरले होते. ज्या रानासाठी कुंपण, त्या रानाचा राजाच कुंपणाने मरतो. म्हणून अबरनेथीसारख्या ठिकाणी कुंपणं काढून टाकली. शिवाय कुंपणाच्या आत रान गच्च, बाहेर हरणांची गर्दी दुप्पट. आणि कुंपण म्हातारं झालं की एका बर्फाळ रात्री आडवं होतं.

---

जर्सीकर
२१ नोव्हेंबर, सायं. ६:३३ (आमची सकाळ)

न्यू जर्सीहून. आमच्या मागच्या अंगणात रोज सहा व्हाईट-टेल्ड डिअर. पहिल्या वर्षी बायकोने दोनशे ट्युलिप लावले. एप्रिलमध्ये दोनशे देठ उगवले. फूल एक नाही. इथल्या रानात शिरलात तर छातीच्या उंचीपर्यंत सगळं साफ, वर हिरवं, जणू कोणी पट्टी धरून रेघ मारलीय.

नसबंदीचं कोणी विचारायच्या आत सांगतो. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर २०१६ पासून नरांची नसबंदी करतात. एकेक नर पकडा, भूल द्या, शस्त्रक्रिया, कानात बिल्ला, सोडा. संख्या कमी झाली, पण ते बेट आहे, बाहेरून नवे नर फारसे येत नाहीत, आणि शहराच्या तिजोरीत पैसा आहे. फायर आयलंडवर १९९३ पासून माद्यांना गर्भनिरोधक लस डार्टने देत होते. ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. स्कॉटलंडच्या डोंगरात लाखो हरणांमागे डार्ट घेऊन कोण पळणार?

---

मृगनयना
२१ नोव्हेंबर, रात्री ८:५०

नसबंदीचंच विचारणार होते. बरं. पण सई, मला एक खरं सांग. मारणाऱ्या माणसाला तू भेटलीस का? की हे सगळं वहीतल्या रकान्यांवरून?

---

सई_उत्तरेकडची
२२ नोव्हेंबर, रात्री १२:१८

भेटलेय. मुलीच्या मैत्रिणीचे वडील स्टॉकर आहेत. (हो, मलाही पहिल्यांदा ऐकून धक्का बसला होता. इथे स्टॉकर म्हणजे हरणाचा माग काढून नेम साधणारा, पगारी माणूस.) गेल्या शनिवारी मुलींना सोडायला गेले तर म्हणाले, बघायचंय का?

घरामागे लार्डर, म्हणजे गारठवलेली खोली. पांढऱ्या फरशा, खाली उताराची मोरी, इस्पितळासारखी स्वच्छ. वर लोखंडी दांडीला चार माद्या आणि दोन पाडसं उलटी टांगलेली, कातडीसकट, डोकी आणि पाय काढलेले. वास रक्ताचा नव्हता, ओल्या लोकरीचा होता. त्यांनी एकेकीची चिठ्ठी वाचून दाखवली. ही एक्केचाळीस किलो, दुधाची. ही म्हातारी, दात बघा, असं म्हणून त्यांनी खिडकीतला जबडा माझ्या हातात दिला. दाढा झिजून गुळगुळीत, चिंचोक्यासारख्या. हिला हा हिवाळा निघाला नसता, म्हणाले.

मी पाडसांकडे बघत होते ते त्यांना कळलं. म्हणाले, मादीसोबत पाडस असेल तर दोन्ही मारायची, नाहीतर कोणतंच नाही. आई गेलेलं पाडस डोंगरावर तीन महिने मरत राहतं. एकदा पाडस हेदरमध्ये दिसलं नाही आणि मादी मारली. मग अंधार पडेपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशी सापडलं. त्या पाडसाचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

माद्यांचा मोसम २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी. म्हणजे ऐन थंडीत दिवस सहा-सात तासांचा, पाऊस आडवा, पोटावर सरपटत ओढ्यातून जायचं. नेम साधला की पोट तिथेच उघडून आतडी डोंगरावर ठेवायची. गरुड आणि डोमकावळे ती दोन दिवसांत साफ करतात. आवाज ऐकूनच कावळे येतात, म्हणाले. मग धूड खाली ओढायचं. त्यांचे गुडघे गेलेत. पन्नाशीही झालेली नाही.

आणि गंमत बघ, हा माणूस हरणं कमी करण्याच्या बाजूचा नाही! त्यांचे आजोबा याच खोऱ्यात स्टॉकर. नरांच्या शिकारीला पाहुणे येतात त्यावर त्यांचं घर, त्यांच्या बायकोचं अतिथीगृह चालतं. २०२३ पासून नरांची बंद मोसमाची अट उठवली, आता वर्षभर मारता येतात. त्याने ते फार दुखावले आहेत. म्हणाले, थकलेला, माजातून बाहेर पडलेला नर हिवाळ्यात मारायचा नसतो, हे मला आजोबांनी शिकवलं. आता सरकार म्हणतं मारा. ग्लेन फेशीत २००४ मध्ये हेलिकॉप्टर वापरून मोठी कत्तल केली होती, तेव्हा इथल्या स्टॉकर लोकांनी मोर्चा काढला होता. तो राग अजून आहे. मी रोपं मोजते हे त्यांना माहीत आहे. तरी चहा दिला.

वर्षाला लाखभर हरणं या देशात मारली जातात, तीही पुरेशी नाहीत म्हणतात. प्रत्येकामागे असा एखादा भिजलेला माणूस आहे. माझ्या वहीतल्या शाबूत शेंड्यांचा हिशेब त्यांच्या गुडघ्यांतून जातो हे मला त्या शनिवारपर्यंत जाणवलं नव्हतं. तरीही मृगनयना, मला विचारशील तर मी हरणं कमी करण्याच्याच बाजूची आहे.

---

मृगनयना
२२ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

पटलं नाही. पण वाचलं. दोनदा वाचलं.

---

खवय्या_खानदेशी
२२ नोव्हेंबर, सकाळी १०:०४

सगळे एवढे गंभीर आहेत म्हणून विचारायची लाज वाटतेय. मटणाचं काय होतं?

---

सई_उत्तरेकडची
२२ नोव्हेंबर, दुपारी १:१५

खाल्लं जातं, लाजू नका. लार्डरमधून व्यापारी नेतो, दुकानात व्हेनिसन म्हणून मिळतं, बीफच्या शेजारी. चरबी नावाला नाही, त्यामुळे आपल्या पद्धतीने तासभर परतत बसलात तर चामडं होतं. मी खांद्याचं घेते, रात्रभर दही-आलं-लसूण लावून, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर तीन तास. नवरा म्हणतो मटणासारखं लागतं. लागत नाही, थोडं काळजासारखं लागतं. खिमा मात्र अप्रतिम.

---

अंदमानी_पाहुणा
२२ नोव्हेंबर, सायं. ५:५०

नोकरीनिमित्त चार वर्षं पोर्ट ब्लेअरला होतो. मराठी टूरवाले सेल्युलर जेल करतात, सावरकरांच्या कोठडीत डोळे पुसतात आणि दुसऱ्या दिवशी रॉस बेटावर (२०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) चितळांबरोबर फोटो काढतात. किती गोड! कोणी विचारत नाही की बंगालच्या उपसागरात चितळ आलं कुठून. गेल्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी शिकारीसाठी आणून सोडलं. वाघ नाही, बिबट्या नाही, रानकुत्रा नाही. पोहता येतं, त्यामुळे या बेटावरून त्या बेटावर. रानात खालच्या थरात रोपं टिकत नाहीत, आणि त्या पाल्यापाचोळ्यात, झुडपांत राहणाऱ्या सरड्या-पालींनाही फटका बसतो असं अभ्यासकांनी दाखवलंय.

पण कायदा तोच. ताडोबातल्या चितळाला वाचवणारा कायदा अंदमानातल्या आगंतुक चितळालाही वाचवतो. माझ्या मते स्कॉटलंडपेक्षा आपल्याला हा प्रश्न जवळचा आहे आणि इथे त्यावर एक धागा नाही.

---

पेठेतला_पेशवा
२२ नोव्हेंबर, सायं. ६:१०

तुम्हीच काढा की. (खोचक नाही, खरंच काढा.)

---

जंगलवाचक
२२ नोव्हेंबर, रात्री ९:२५

थोडी गल्लत होऊ नये म्हणून. ताडोबा-मेळघाटात चितळ-सांबर जास्त झाले असा प्रश्न नाही, तिथे वाघ, बिबटे आणि रानकुत्रे रोज हिशेब करतात. आपल्याकडचं भांडण जंगलाबाहेरचं आहे, शेतात येणारे रोही आणि रानडुकरं. (रोही हरीण नव्हेच, तो कुरंगवर्गातला, गाई-बैलांच्या कुळातला.) बिहारमध्ये २०१६ ला मोकाम्याच्या टापूत बाहेरून शिकारी बोलावून दोनशेच्या वर रोही मारले आणि त्यावरून केंद्रातल्या दोन मंत्र्यांमध्ये जाहीर जुंपली. तिथे रान परत आणायचा विषयच नव्हता, पीक वाचवायचा होता. सईताई सांगतायत ते वेगळं आहे, दोन्हींना एकच दावं लावू नका.

आणि सईताई, एक शंका. सगळं खापर हरणांवरच? मेंढ्या? ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी हेदर जाळतात ते?

---

सई_उत्तरेकडची
२३ नोव्हेंबर, दुपारी २:००

मान्य, दोन्ही राहिलं. मेंढ्यांनी काही डोंगरांवर हरणांइतकंच खाल्लंय, आणि हेदर जाळल्यावर कोवळी झाडं पहिली जातात. शिवाय आईझाडंच उरली नसतील तर हरणं शून्य केली तरी बी येणार कुठून? अशा ठिकाणी लावावीच लागतात. केर्नगॉर्म्समध्ये चार मोठ्या जमीनधारकांनी मिळून सहाशे चौरस किलोमीटरचा दोनशे वर्षांचा आराखडा केलाय. दोनशे! आमच्या ऑफिसात तीन महिन्यांचा टिकत नाही.

---

रोहीग्रस्त
२४ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

सईताई, तुमचं ते दाताचं काल करून पाहिलं. सकाळी बॅटरी घेऊन वावरात गेलो. तुरीचे शेंडे पाहिले, फाटले होते, दोरे निघाले होते, म्हणजे रोहीच. ते ठीक. मग बाजूच्या हरभऱ्यात गेलो. आता टिचभर झाला आहे. धुऱ्याकडच्या तीन ओळी साफ. मी तीन वर्षांपासून रोह्यालेच शिव्या देऊन राहिलो. वाकून पाहतो तर एक-एक रोप तिरकं कापलं, अगदी ब्लेडनं कापल्यासारखं.

घरी येऊन बुढ्याले सांगितलं, म्हटलं बाबा, हरभरा ससा खाते. बुढा म्हणे, मग? मले वाटलं तुले माहीत आहे.

---

अण्णा_नगरकर
२४ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

😂😂 आता झटका मशीनची तार खाली घ्या.

---

रोहीग्रस्त
२४ नोव्हेंबर, सकाळी ७:५२

खाली घेतली तर रोही वरून उडी मारते, अण्णा. दुसरी तार आणाले चाललो आर्वीले.